डाव्या हाताचं माप

"पहिल्या दोन गोळ्या जागेवर. पुढच्या चार फिरायला गेल्या," वडील म्हणाले.

सरावाच्या कागदावरची भोकं ते बोटानं मोजत होते. दोन मधोमध, मग एकेक वर चढत डावीकडे कललेली, जिना चढल्यासारखी.

"उजवा हात म्हणजे साहेब. चाप ओढला की नाव त्याचं. पिस्तूल धरून ठेवायला राबतो तो डावा. आणि तुझा डावा तिसऱ्या गोळीला रजेवर जातो."

"हो बाबा."

"तीन महिने 'हो बाबा'च चाललंय."

लेकीनं पिस्तूल रिकामं करून कमरेला अडकवलं. निवड चाचणी आजच होती. नेमबाजीच्या संघात एकच जागा उरली होती आणि तिच्यावर डोळा ठेवून आठ जणी आल्या होत्या. त्यांत पस्तिशी गाठलेली ही एकटी. पुढच्या वर्षी हिला कुणी बोलावणार नव्हतं. तसं कुणी म्हणालं नव्हतं, पण अशा गोष्टी म्हणाव्या लागत नाहीत.

"आण मनगट."

तिनं हात पुढं केला. वडिलांनी आपल्या डाव्या हातानं तिचं मनगट धरलं, दाबलं. "एवढं. ना कमी, ना जास्त." मनगटाला जेवढा दाब कळेल तेवढाच तिनं डाव्या हातानं पिस्तुलाला द्यायचा, पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत. सतराव्या वर्षापासून ती याच मापावर खेळत आलेली. क्लबात पकड मोजायचं काटेवालं यंत्र होतं. पण सरकारी नोकरीत तीस वर्षं दुकानदारांच्या वजनांवर शिक्के मारलेल्या या माणसाला स्वतःच्या हातापुढं दुसरा काटा मान्य नव्हता. "यंत्राला काय कळतंय? त्याला मुलगी आहे का?"

तिनं पुन्हा सहा गोळ्या झाडल्या. पुन्हा जिना.

वडील बाकावर जाऊन बसले. चहाचा थर्मास त्यांनी दोन गुडघ्यांत दाबून धरला आणि उजव्या हातानं झाकण पिळलं. मग झाकण बाकावर ठेवून त्यात चहा ओतला. डावा हात शेजारी पाहुण्यासारखा बसून होता.

"द्या, मी ओतते."

"ओतला की. तू तुझं बघ."

ती काही वेळ थर्मासकडे बघत राहिली. मग जवळ जाऊन तिनं आपणच मनगट पुढं केलं.

"परत एकदा द्या माप."

वडिलांनी दाबलं. या खेपेला तिनं मनगटाकडं लक्ष दिलं नाही, त्यांच्या तोंडाकडं दिलं. जबडा आवळलेला. गळ्याची शीर तटतटलेली. कान लाल झालेले. आणि मनगटावर पोचत होतं ते, कुणी ओला रुमाल गुंडाळावा तेवढं.

"कळलं?"

"कळलं."

ती जागेवर गेली. वडिलांनी दिलेलं माप तिनं आज पहिल्यांदा बाजूला ठेवलं आणि पिस्तूल कुणी हिसकावून नेत असल्यासारखं डाव्या हातात आवळलं. सहा गोळ्या. कागद जवळ आला तेव्हा सहाही भोकं एका तळहाताखाली झाकतील अशी बसली होती.

वडील चहा तसाच टाकून उठले. कागद उजेडाकडं धरून त्यांनी दोनदा बघितला.

"बघ. सांगितलं तसं धरलं की कसं होतं. गाढवाला एवढं कळायला तीन महिने लागले." त्यांनी डाव्या हाताची बाही वर सारली. "आता दाखव. किती धरलंस?"

इतक्या वर्षांत त्यांनी माप दिलं होतं, कधी उलट मागितलं नव्हतं.

तिनं त्यांचं मनगट धरलं. ओल्या रुमालाएवढं दाबलं.

त्यांनी मान हलवली. "हे नव्हे. एवढ्यावर त्या सहा एका जागी बसत नसतात. बाप म्हातारा झाला असेल, कागद नाही झालेला. खरं दाब."

तिनं खरं दाबलं. त्यांची बोटं फाकली. त्यांनी हात ओढून घेतला नाही.

"हं. आता आलीस. हेच तर मी तुला रोज..."

तिनं हात सोडला तेव्हा त्यांच्या मनगटावर चार बोटं पांढरी उमटली होती आणि हळूहळू लाल होत होती. त्यांनी तिचा हात उजव्या हातानं धरून उलटा केला, सुलटा केला. दोन खेपा माप दिलेल्या मनगटावर साधा वळही नव्हता.

"कधीपासून, बाबा?"

"तुझा नंबर पुकारतायत."

"अजून नाही पुकारला."

"पुकारतील," म्हणून त्यांनी बाही खाली ओढली आणि ते एका हातानं बाहीचं बटण लावायला लागले. ते काही लागेना. ती पुढं झाली, तसे ते अर्धवट वळले.

मग खरंच पंचानं नंबर पुकारला. ती रेषेवर जाऊन उभी राहिली आणि तिनं मागं बघितलं. जा म्हणून वडिलांनी हात केला. उजवा. डावा त्यांनी पँटच्या खिशात घातला होता, आणि खिसा सारखा हलत होता. आत मूठ वळत होती, सुटत होती, पुन्हा वळत होती.

"समोर बघा, ताई," पंच म्हणाला.