हिरवी पट्टी

ही दोन हजार तेवीस सालच्या एप्रिलातली गोष्ट. कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, ऊसतोडीची माणसं गावाकडं परतली होती, आणि छबुबाई आष्टीच्या बाजारपेठेत, रामकिसनच्या फोटो स्टुडिओत, कॉम्प्युटरसमोर स्टुलाच्या कडेवर बसली होती. तिचा नवरा सुग्रीव भिंतीला टेकून उभा होता.

टेबलावर वायरनं जोडलेली एक जुनी हार्डडिस्क घरघरत होती. तिच्यात शाळेच्या एका जुन्या गॅदरिंगची शूटिंग होती. त्या गॅदरिंगमध्ये त्यांची लेक सुकन्या जिजाऊ झाली होती, आईचं हिरवं लुगडं दुमडून नेसून. आई तेव्हा कारखान्यावर, उसाच्या फडात. त्याच हंगामात पोरगी तापानं गेली. आईबाप येईपर्यंत सगळं उरकलं होतं. घरात तिचा एक फोटोसुद्धा नव्हता.

"ताई, डिस्क पार थकलीय," रामकिसन म्हणाला. "आज कशीबशी उठली. परत उठंल का, सांगता येत न्हाई. म्हणून आधी कॉपी करून घेतो. मग निवांत बघा, पायजे तितक्यांदा."

"आधी एकदा बघू द्या की, भाऊ. तोंड तेवढं."

"दोनी कामं संगट लावली तर मधीच बसंल ती."

"तुला काय कळतंय त्यातलं?" सुग्रीव खेकसला. "गप बस की जरा."

छबुबाई गप बसली.

"अन् लाईट गेली म्हंजी?" सुग्रीवनं विचारलं.

"त्याचीच तयारी केलीय, दाजी." रामकिसननं टेबलाखालच्या यूपीएसवर हात थोपटला. बॅटरी नवी टाकली होती. सकाळी त्यानं यूपीएसला बल्ब जोडून, भिंतीतली पिन उपटून दोघांना दाखवलंही होतं. बल्ब जरासाही मिणमिणला नव्हता. "अन् कॉम्प्युटरला पॉवर सप्लायबी नवा बसवला. जुना लई हलका होता. ह्या कामाला म्हणून भारीतला आणला."

मग त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. "ही हिरवी पट्टी बघत ऱ्हावा. त्या टोकाला भिडली की आली तुमची लेक."

पट्टी सरकू लागली. छबुबाईची नजर तिच्यावरून हलेना. हिरवा रंगही तसाच, लुगड्याचा. कुणी घडी उलगडत आणावी तशी ती पट्टी पुढं येत होती. निम्मी झाली. निम्म्याच्या पुढं गेली. छबुबाईच्या ओठांवर किंचित हसू आलं.

आणि लाईट गेली.

पंखा मंदावला. यूपीएस टीं टीं करू लागला. पडदा उजळलेलाच होता, पण पट्टी त्याच्यावर नव्हती. टेबलाखालचा कॉम्प्युटर गपगार पडला होता.

"असं कावून झालं?" रामकिसन गुडघ्यांवर बसला. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. "बॅटरी तर भरलेली हाय की."

लाईट आली तेव्हा कॉम्प्युटर उठला, डिस्क उठली नाही. आतून नुसती टक टक यायची आणि थांबायची. त्यानं वायर बदलली, डिस्क उताणी धरली, पालथी धरली. हात लावला तर चांगलीच तापलेली. छबुबाईनं ती त्याच्या हातातून घेतली, मांडीवर ठेवली आणि पदरानं वारा घालू लागली. कुणी तिला थांबवलं नाही.

रामकिसननं नगरच्या माल देणाऱ्याला फोन लावला. बराच वेळ नुसता ऐकत राहिला. फोन ठेवला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं.

"यूपीएस अन् सप्लाय, दोनी चांगलेत, ताई. पण एकमेकांशी जमत न्हाई त्यांचं. ह्या यूपीएसचा करंट ओबडधोबड. बल्बला चालतो, पडद्याला चालतो. नव्या सप्लायला लाईनीसारखा सरळ लागतो. न्हाई मिळाला की तो सगळंच बंद करतो. जुना हलका असता, तर..."

छबुबाईचा हात थांबला.

"आमच्यात नवराबायको मिळून एक कोयता धरतेत, भाऊ," ती हळू म्हणाली. "मुकादम दोघान्ला संगट उभं करून बघतो. एकट्याकडं बघून न्हाई धरत. तुमी बल्ब बघितला."

तिच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच रामकिसनला मान वर करता आली नाही. आणि गप बस म्हणणारा सुग्रीव कधीच बाहेर जाऊन पायरीवर, रस्त्याकडं पाठ करून बसला होता.

रामकिसननं डिस्क पुण्याला पाठवली. ती तशीच परत आली. आता कुणाचंही काम हाती घेण्याआधी तो चालू कॉम्प्युटरवर मेन स्विच पाडून बघतो. गिऱ्हाईकं हसतात. तो हसत नाही.

सुग्रीवची कंबर पुढच्याच हंगामात गेली. तो घरी शेरडं राखतो. बायकोला गप बस म्हणायचं त्यानं सोडलं. खरं तर बोलायचंच सोडलं.

छबुबाई भावकीच्या टोळीबरोबर अर्धा कोयता म्हणून जाते. डिस्क त्याच हिरव्या लुगड्यात गुंडाळून पेटीत असते. रात्री पाचटाच्या कोपीपुढं भाकरी थापताना एखादी नवी बाई विचारतेच, "मावशी, मंग दिसली का ओ लेक?"

"दिसली की." छबुबाई पिठाचा हात दुसऱ्या मनगटावर टेकवते आणि त्या पट्टीसारखा सरकवत कोपराच्या वरपर्यंत नेते. "लुगडं हितवर आलतं. तोंड तेवढं ऱ्हायलं."