मांडीतली सुई

तपासणीची केसाएवढी बारीक सुई नातीच्या मांडीत टोचली आणि पडद्यावरची हिरवी रेघ लाल झाली.

"बरं झालं, ऑपरेशनच्या आधीच कळलं," सिस्टर म्हणाली. "नेहमीच्या भुलीनं हिचं अंग भट्टीसारखं तापलं असतं. आता वेगळी भूल देऊ. हे रक्ताच्या नात्यातून येतं. आजोबा, तुम्हीही बसा."

हेरवाडेआजोबांनी लेंगा वर सारला. ते पडद्याकडे बघत राहिले. त्यांचीही रेघ लाल झाली.

वीस वर्षांपूर्वी त्यांचा थोरला मुलगा अपेंडिक्सच्या ऑपरेशनमध्ये असाच तापून दगावला होता. भूल देणाऱ्या ठिपसेबाईंना त्यांनी भर चौकात काळं फासलं होतं.

"दुखलं का, आजोबा?" सिस्टरनं विचारलं.

"ठिपसेबाई हयात आहेत का हो?"