उंच कंबरेची पँट

व्हर्नाने पँटचं बटण लावलं आणि श्वास रोखून स्टुलावर बसली. कंबरपट्टी बरोबर पिशवीच्या मधोमध रुतली. ती ताडकन उठली, बटण काढलं, उजव्या कुशीखाली हात ठेवून पाहिलं. ओलं नव्हतं. तरी तिने बोटं नाकाशी नेली.

"काय झालं गं?" कपडे घालून बघायच्या त्या अरुंद खोलीच्या दाराबाहेरून धाकट्या बहिणीने, सिग्रिडने विचारलं.

"नाही जमत. अर्ध्या रस्त्यात फुटेल."

"पँट?"

"पिशवी, बाई!"

मोठं आतडं काढल्यापासून मळ साठवणारी ती पिशवी व्हर्नाच्या पोटावर चिकटलेली होती, बेंबीच्या उजवीकडे, जरा खाली. घरात ती ढगळ झग्यात वावरायची. पण सोमवारपासून पुन्हा शाळेची बस चालवायची होती, डुलुथ शहराच्या चढउतारांवरून, मागे पोरं गच्च भरलेली. पिशवीतून मधूनच गुडगुड आवाज येतो, तो पोरांनी ऐकला तर? वास आला तर? आणि वळणावर ती सुटलीच तर स्टिअरिंग सोडून कुठे पळायचं?

दारावरून आणखी एक पँट आत लोंबकळली.

"दुकानातली मुलगी म्हणते, तुझा बांधा सफरचंदाचा," सिग्रिड म्हणाली. "पोट पुढे, पाय काडीसारखे. अशांनी कंबरेखाली बसणाऱ्या पँटच्या वाटेला जायचंच नाही म्हणे. ही उंच कंबरेची बघ. पट्टी रुंद आहे आणि ताणली जाते."

"आणि तुझा कसला बांधा?"

"नासपती. वर नाजूक, खाली सगळा पसारा. आम्ही कंबर दाखवायची असते."

आतल्या आत व्हर्नाला हसू आलं. सिग्रिडने जन्मभर तेच केलं होतं. बर्फ पडत असलं तरी जीन्स कंबरेखाली आणि स्वेटर आखूड.

ही पँट बेंबीच्या वर आली. आत पिशवी अंगालगत सपाट राहिली. व्हर्नाने आरशात समोरून पाहिलं, बाजूने पाहिलं. मग स्टुलावर बसून ब्रेकवर द्यावा तसा पाय दाबला, दोन्ही हात हवेत धरून एक मोठं वळण घेतलं. कुठे रुतलं नाही, कुठे दाबलं नाही.

"सिग! सापडली!" तिने कडी काढली.

सिग्रिड आत आली आणि तिने दार मागे लावून घेतलं. तिच्या हातावर तशीच पँट होती. तोच काळा रंग, तीच उंच कंबर, माप मात्र तिचं स्वतःचं.

"तुला कशाला ही? आत्ता तर म्हणालीस, नासपतीने—"

सिग्रिड हसली नाही. "तुझी पिशवी दाखव ना," ती म्हणाली. "नेमकी कुठे असते?"

व्हर्नाने तिच्या हातावरच्या पँटकडे पुन्हा पाहिलं.

"तपासणीत काही निघालं नाही म्हणाली होतीस."

"तू तेव्हा दवाखान्यात पडून होतीस. तुला काय सांगणार होते?" सिग्रिडचा आवाज अगदी बारीक झाला. "आईला होतं तेच. तुला होतं तेच. पुढच्या महिन्यात माझंही आतडं काढणार आहेत."

व्हर्ना स्टुलावर बसली. बाहेर कुणीतरी हँगर इकडून तिकडे सरकवत होतं. तो आवाज थांबला. मग व्हर्ना उठली.

"काढ ती जीन्स."

सिग्रिडने नवी पँट चढवली, पण चेन तिला लावता येईना. व्हर्नाने ती लावून दिली, लहानपणी लावायची तशी, वर बघायला सांगून.

"बस आता. पुढे वाक." पोटाला घडी कुठे पडते, पट्टी कुठे येते, हे तिने दोन बोटांनी चाचपून पाहिलं. "ऑपरेशनच्या आधी नर्स पिशवी कुठे बसवायची त्याची पेनने खूण करेल. त्या दिवशी हीच घालून जा. मी दवाखान्याचा झगा घालून बसले होते. माझी कंबर कुठे येते ते कुणालाच कळलं नाही, मीही सांगितलं नाही. तू सांग. बसून दाखव, वाकून दाखव. घाई करू देऊ नकोस त्यांना. लाजायचं तर मुळीच नाही."

"इथे बसवतील?" सिग्रिडने पोटावर हात ठेवला.

"जरा खाली. इथे."

व्हर्नाच्या बोटाखाली ते पोट गार पडलं होतं. वर-खाली होत होतं.

"दुखतं?"

"सुरुवातीला."

"आणि भीती?"

नाही म्हणायला व्हर्नाने तोंड उघडलं. पण धाकटी आरशातून तिच्याकडेच बघत होती.

"वाटते," ती म्हणाली. "अजूनही वाटते."

"मग काय करतेस गं तेव्हा?"

"तुला फोन करते."

"मला? कधी? तू तर मला बटाट्याचं सूप कसं करायचं ते विचारायला फोन करतेस. किती वेळा सांगितलं, तरी पुन्हा विचारतेस..."

सिग्रिड बोलता बोलता थांबली. व्हर्ना खाली बघून तिची कंबरपट्टी सारखी करत होती.

"सूप तर मला येतं," सिग्रिड म्हणाली. "मग मी फोन करून काय विचारू?"