मॅटबाहेरचे पाय

"बेन, एमनो पग मॅट पर नथी," पाहुण्या अहमदाबादी संघाच्या कप्तानाने सुहासिनीच्या कानाशी कुरकुर केली.

तिला काय दिसत नव्हतं? हिरवळीवर बॉल घरंगळवायच्या ह्या लॉन बोल्सच्या नियमांचं पुस्तक झेरॉक्स करून पाठ केलेली इथल्या क्लबात ती एकटीच. म्हणून तर पंचाची टोपी तिच्या डोक्यावर. बॉल सोडताना एक पाय तरी मॅटवर हवा. हंबीररावांचे दोन्ही गवतात होते. मॅटवर कुणी उभं असावं आणि त्याला धक्का लागू नये, तसे ते अंग चोरून उभे.

दोन महिन्यांपूर्वी तिचा नवरा रमाकांत त्याच मॅटवर कोसळला. खेळता खेळता गेले, भाग्यवान, असं क्लबातल्या सगळ्यांनी तिला इतक्यांदा सांगितलं की पुढे काही विचारायची सोयच उरली नाही. तेव्हापासून त्याचे जोडीदार हंबीरराव मॅटला पाय लावत नव्हते. सरावात कुणी टोकलं नाही. आज स्पर्धा होती.

तिने आधी ताकीद दिली. हंबीररावांनी मान हलवली आणि पुढचा बॉल पुन्हा गवतातूनच सोडला. तो सुरेख वळत गेला, नेम धरायच्या छोट्या पांढऱ्या चेंडूला, जॅकला, जाऊन टेकला. टाळी एकही पडली नाही.

सुहासिनी चालत गेली, बॉल उचलला, बाहेर ठेवला. बाद. क्लबातली नयनाबेन जवळ येऊन पुटपुटली, की जाऊ दे ना, म्हातारा आज जेवायचा नाही. नियम मी केलेले नाहीत, सुहासिनी म्हणाली.

आता एकच बॉल उरला, सामना त्याच्यावर. हंबीरराव तो छातीशी धरून मॅटच्या कडेला थांबले.

"भावजी, ठेवा पाय," ती हळूच म्हणाली. "ह्यांना अर्धवट सोडलेला खेळ कधी आवडला नाही."

हंबीररावांनी बॉल खाली ठेवला.

"त्याला सोडायचाच होता, वहिनी. छाती आवळतेय, घरी जातो म्हणाला. मीच दंडाला धरून उभा केला. म्हटलं, नाटकं करू नकोस, एवढा एक टाक." त्यांनी क्लबातल्यांकडे पाहिलं. कुणीच वर बघेना.

"हे सगळे इथंच होते."