माळावरची मोजणी

सत्तेचाळिसावा भोवत्या पक्षी गवतात उतरला, गयासनं अंगठ्यानं बोटातल्या अंगठीचं बटण दाबलं आणि तेवढ्यात टेकडीखालून आरोळी आली, "त्यो बघा! त्योच!"

दुर्बीण काढून त्यानं खाली पाहिलं. वाडीकडून दहा-बारा माणसं चढून येत होती. हातात काठ्या, पुढच्याच्या खांद्यावर कुऱ्हाड. आधी त्याला वाटलं, कुणाच्या शेळीमागं बिबट्या लागला असेल. मग एकानं काठी त्याच्याचकडे रोखली.

काम तसं साधंच होतं. ऑक्टोबर लागला की हे शिकारी पक्षी उत्तरेतून हजारो कोस उडत पिशोरकडच्या या माळांवर येतात, दिवस मावळताना घिरट्या घालतात आणि झाडाबिडाच्या भानगडीत न पडता सरळ गवतात झोपायला उतरतात. उतरताना मोजायचे, सलग तीन संध्याकाळी. वहीत रेघ ओढायला मान खाली घातली की एखादा निसटतो, म्हणून बोटात मोजणीची अंगठी. दाबलं की आकडा एकानं सरकतो. गयास शहरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत बेडकांच्या बरण्या सांभाळायचा, तिथंच त्याला हा नाद लागला. अंगठी मात्र आईची होती. ती तिच्यावर तसबीह, अल्लाच्या नावाचा जप, मोजायची.

माणसं येऊन भिडली. महिनाभर त्या भागात एकच बोलणं होतं: रात्री ड्रोन फिरतात, घरं हेरून ठेवतात आणि मागून चोर येतात. चोर कुणी पाहिला नव्हता, पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस. अख्खी वाडी आळीपाळीनं जागत होती. जागरणानं सगळ्यांचे डोळे तांबारलेले.

"काय करू राह्यला रं इथं?" कुऱ्हाडवाल्यानं विचारलं. त्याला सगळे सांडू म्हणत होते.

"पक्षी मोजतोय."

खरं तेच होतं, पण बोलून झाल्यावर गयासला स्वतःलाच ते खोटं वाटलं.

"पाखरं मोजून भाकर मिळती व्हय?" मागं कुणीतरी हसलं. सांडू हसला नाही. "नाव?"

"गयास."

"पुरं सांग."

"गयास मुबारक शेख."

मागचे पुढं सरकले, त्याच्याभोवतीचं कडं आवळलं.

"बोटात काय हाय त्याच्या? रिमोट हाय, रिमोट!" एकजण ओरडला. "अन् त्ये बघा वर!"

वाडीच्या अंगाला, उतरत्या उन्हात, काहीतरी हवेत एका जागी थांबलं होतं. ना पुढं, ना मागं. गयासनं बघताक्षणी ओळखलं. खरूची. उंदरावर टपली की ती अशीच पंख मारत जागच्या जागी लटकते.

"पक्षीच आहे तो. ससाण्याची जात आहे, खरूची म्हणतात..."

"पाखरू कुठं हवेत उभं ऱ्हातं का?" सांडूनं त्याचं मनगट पकडलं. "दाब. दाब म्हन्तो ना!"

नाही म्हणायची सोय नव्हती. गयासनं बटण दाबलं.

खरूची दगडासारखी खाली पडली.

"पाडलं! ह्यानंच पाडलं!" एकच गलका उठला. पाठीत काठी बसली आणि गयास गुडघ्यांवर आला. आता आपण इथून जिवंत उतरत नाही, हे त्याला स्वच्छ कळलं. आई उद्या तसबीहची अंगठी शोधत बसेल, एवढंच मनात आलं.

"आरं मुडद्यांनो!"

शेळ्या तशाच सोडून सांडूची चुलती द्वारकाबाई धापा टाकत वर आली आणि सरळ मधे घुसली. "दुपारपासून बघते मी ह्याला. वर तोंड करून बसलाय, पानीबी प्याला नाय. अन् ह्ये रिमोट व्हय?" तिनं आपला उजवा हात सगळ्यांच्या नाकासमोर नाचवला. तिच्याही बोटात तसलीच अंगठी होती, जत्रेतली. "मंग मी रोज पाच हजार ड्रोन उडवते!"

"तुझी जपाची हाय, काकू," सांडू म्हणाला. "ह्याची कशाची?"

म्हातारीनं काठीनं नुसतं खाली दाखवलं. गवतातून खरूची वर उठत होती. पंजात उंदीर लोंबत होता. बाभळीच्या शेंड्यावर बसून ती निवांत खायला लागली.

कुऱ्हाड खांद्यावरून खाली आली. माफी कशी मागायची ते कुणालाच सुचलं नाही. "महिना झाला, डोळ्याला डोळा नाय हो," एवढं एकजण पुटपुटला. मग सगळे उतरू लागले, पण वळून वळून गयासच्या हाताकडे पाहत.

द्वारकाबाईनं त्याला दंडाला धरून उभं केलं. "किती झाली रं पाखरं?"

सत्तेचाळीस, असं तो सांगणार होता. सवयीनं त्यानं अंगठीकडे पाहिलं. तिच्यावर एकशे तेरा होते. अंगठा अजून बटणावरच होता आणि थरथरत होता. तो पाहत असतानाच एकशे चौदा झाले.

म्हातारीनं तो अंगठा आपल्या मुठीत धरला.

"अजून दोन दिवस राहिलेत मोजायचे," गयास कसाबसा म्हणाला. आपण येऊ, असं काही त्याला वाटत नव्हतं.

द्वारकाबाई खाली उतरणाऱ्या माणसांकडे बघत होती.

"ये," ती म्हणाली. "तू वर बघ. मी खाली बघते."