लांब शिट्टी

निशाचे पप्पा वाळूजच्या कंपनीतून शिफ्ट सुटली की थेट मैदानावर यायचे. निशा गोलकीपर. गोलमागच्या भिंतीपलीकडं मोटारसायकल लावून ते तिला शिट्टीनं सांगायचे. आखूड एक म्हणजे डावीकडं झेप, दोन म्हणजे उजवीकडं. लांब मारली की मॅच संपली, घरी चल.

दिवाळीआधी ते ट्रकखाली गेले. मोटारसायकल भंगारात गेली. पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी निशा सरावाला हजर होती.

त्यानंतर तिनं एकही पेनल्टी आत जाऊ दिली नाही.

"तुला आधीच कसं कळतं गं?" कॅप्टन संस्कृतीनं विचारलं.

"पप्पा शिट्टी मारतेत की."

"मला तर काय ऐकू येत नाय."

"तुला कशाला मारतील?"

रविवारी फायनल होती. शेवटची पेनल्टी अडवली की कप त्यांचा. निशा गुडघ्यात वाकून उभी राहिली. भिंतीमागून शिट्टी आली. लांब.

या वेळी ती संस्कृतीनंही ऐकली. पंचांनी वळून भिंतीकडं पाहिलं.

निशानं ग्लोव्ह्ज काढून संस्कृतीच्या हातात दिले आणि ती भिंतीकडं चालू लागली.

"निशा, मॅच संपली नाय अजून!"

भिंतीपलीकडं मोटारसायकल सुरू झाली.