तिसऱ्या कडव्यातले ठोके

“आणि गाण्यातला तो ठक्-ठक् आवाज? आज तरी खरं सांगा,” वार्ताहर मुलगी म्हणाली आणि तिने फोन त्याच्या पुढ्यात सरकवला.

गायकाने डोळे मिटले. तीस वर्षं हाच प्रश्न! त्या एका अल्बमने त्याला नाव दिलं आणि हा प्रश्न मानगुटीवर बसवला. उत्तरं त्याने ढीगभर दिली होती. एकाला खिडकीवरचा सुतारपक्षी सांगितला. दुसऱ्याला वरच्या मजल्यावरची, लाकडी पायाची नर्तकी. त्या पठ्ठ्याने तर तिच्यावर लेख पाडला. मैफलीत लोक त्याच ठोक्यावर टाळ्या धरत.

आज थाप मारायचंही त्राण नव्हतं.

“आबांची काठी आहे ती,” तो म्हणाला. “वडील माझे. जन्मभर पत्र्याच्या ट्रंका ठोकल्या. ट्रंक पसंत पडली की झाकणावर दोन हलके ठोके द्यायचे. माझ्या गाण्याला कधी अर्धाही नाही. शेवटी वाचा गेली. पाणी हवं असलं की काठीने भिंत ठोकायचे. त्या दुपारी भिंतीच्या अलीकडे मी गात होतो, टेप फिरत होती. गाणं असं जमलं होतं की उठवेना. तिसऱ्या कडव्यात किती जोरात ठोकलंय! तरी गातच राहिलो. चौथ्या दिवशी ते गेले.”

कोपऱ्यात शेंगा सोलणाऱ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, हात थांबले.

“पाणी? छोट्या, मी उशाशीच होते की! भांडं पुढे केलं तर त्यांनी ढकलून दिलं. तू लय सोडून पळत सुटलास, म्हणून ठोकत होते.”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“मला काय ठाऊक तू हे उरावर घेऊन बसलायस? मला तर तूच ती नर्तकी सांगितली होतीस!” तिने शेंगांची परात बाजूला सारली. “गाणं शेवटपर्यंत ऐकलंयस कधी?”

नव्हतं ऐकलं. तिसरं कडवं आलं की तो उठून जाई.

मुलीने फोनवर गाणं लावलं. तिसरं कडवं आलं. ठोके कडाडले. तो खुर्चीचे हात घट्ट धरून बसून राहिला. त्याचा तरुण आवाज अडखळला, सावरला, ठोक्यावर आला. गाणं संपलं. टेपची खरखर तेवढी उरली.

मग भिंतीपलीकडून दोन हलके ठोके.